दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर: गोव्यात त्या रात्रीपासून निकालापर्यंत कायदेशीर मदत कशी घ्यावी

रात्री सव्वा वाजता भाच्याचा फोन आला. "मामा, अल्कोमीटरवर फुंकायला लावलं. गाडी ठेवून घेतली. आता काय करू?" म्हापशाकडचं एक लग्न आटोपून तो फोंड्याला परतत होता. मी त्याला तेव्हा जे सांगितलं ते आठवलं की आजही वाईट वाटतं. "घाबरू नको, तालांव आहे, उद्या भरून टाकू," असं मी म्हणालो.

पहिल्याच तारखेला त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि विषय संपला असं आम्ही धरून चाललो. दोन वर्षांनी बोटीवरच्या नोकरीचा अर्ज भरताना एक प्रश्न समोर आला: आजवर कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? खरं उत्तर 'होय' होतं. त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला, वकिलांकडे बसलो, कलमं वाचली. ज्यांच्या घरी असा फोन येईल त्यांच्या हाताशी असावं म्हणून ते इथे लिहितो. दारू पिऊन गाडी चालवणं चूकच आहे, त्यात मला कुणाची बाजू घ्यायची नाही. पण चूक झालेल्या माणसालाही कायद्याने काही हक्क दिले आहेत आणि ते वेळेत माहीत असावे लागतात.

तालांव आणि खटला यातला फरक

गोव्यात वाहतूक पोलिसांच्या दंडाला आपण सरसकट तालांव म्हणतो. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, सिग्नल तोडला, की तालांव. यातले बरेच गुन्हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली जागेवर पैसे भरून मिटतात. दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा, म्हणजे कलम 185, त्या यादीत नाही. तो मिटवण्याचा अधिकार पोलिसांना नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातंच. त्यामुळे "इथेच काहीतरी देऊन मिटवू" असं कुणी सुचवलं, तर तो तुम्हाला दुसऱ्या गुन्ह्यात ओढतोय हे ओळखा.

मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. यंत्रावर ती 0.03 टक्के अशीही दिसते, अर्थ एकच. पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. स्कूटर, कार, टेम्पो, सगळ्यांना हेच लागू. "चालवण्याचा प्रयत्न" हाही गुन्हाच आहे. पिऊन आलेल्या माणसाच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणाऱ्यावरही कलम 188 खाली चिथावणीचा ठपका येऊ शकतो, म्हणून गाडीमालकानेही हे वाचावं.

गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे. घरच्यांनी रात्रभर रडत बसू नये म्हणून हे आधीच सांगतो.

रस्त्यावर

शांत राहा, गाडी बाजूला घ्या, कागद दाखवा. वाद घालणं, मोबाईल हिसकावणं, पळण्याचा प्रयत्न यातून सरकारी कामात अडथळ्यासारखी नवी कलमं लागतात आणि सोपं प्रकरण अवघड होऊन बसतं.

फुंकायला नकार द्यावा का, असं अनेक जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये. तुम्ही प्यायला आहात असा सबळ संशय असताना नकार दिलात, तर कलम 203 खाली विनावॉरंट अटक होऊ शकते. शिवाय कलम 205 सांगतं, की वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार हा सरकार पक्षाच्या पुराव्याला आधार देणारा धरला जाऊ शकतो. दम्यामुळे किंवा आजारामुळे खरोखरच जोरात फुंकता येत नसेल, तर ते तिथेच सांगा, नोंदवायला लावा आणि रक्ततपासणीची मागणी करा. ते वाजवी कारण ठरू शकतं.

फुंकण्याआधी शेवटचा घोट नुकताच घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने तोंड धुतलं असेल, तर तेही सांगा. तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो, म्हणून साधारण 15 मिनिटं थांबून चाचणी घेणं योग्य समजलं जातं. थांबण्याची विनंती नम्रपणे करा. मान्य झाली नाही तर ती केली होती एवढं लक्षात ठेवा.

आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. छापील चिठ्ठी निघत असेल तर तिच्यावरची वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा वाचा, प्रत मागा. सही करायला सांगितली तर आधी वाचा. आपल्याकडे पोलिसांचे कागद बहुतेक इंग्रजीत असतात. कळत नसेल तर मराठीत किंवा कोकणीत समजावून मागा, आणि समजावलं नाही तर सहीजवळ तसं लिहा.

गाडी चालवायला सोबत कुणी न प्यालेला परवानाधारक असेल तर गाडी त्याच्याकडे द्यावी अशी विनंती करा. ते अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असतं. गाडी ठेवून घेतली तर तशी पावती घ्या. इथे एक कळकळीची सूचना. गाडी आणायला पहाटे सहाला स्वतः जाऊ नका. रक्तातलं अल्कोहोल दर 100 मिलिलिटरमागे ताशी सुमारे 15 मिलिग्रॅम एवढ्याच वेगाने उतरतं. रात्री एक वाजता 120 असेल तर सकाळी सहालाही तुम्ही मर्यादेच्या वर असाल. थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा, लिंबू, यांनी तो वेग वाढत नाही. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, हलकी म्हणून मोसमात दुपारी दोन-चार ग्लास घेऊन संध्याकाळी स्कूटर काढणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. घरातलं कुणी न प्यालेलं माणूस गाडी आणायला पाठवा.

पोलीस ठाण्यात नेलं तर

कलम 202 खाली गणवेशातला पोलीस अधिकारी, गुन्हा त्याच्यासमोर घडला असेल तर, वॉरंटशिवाय अटक करू शकतो. पण अटकेपासून 2 तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. या दोन तासांबद्दल गैरसमज खूप. दोन तास उलटले की खटलाच रद्द होतो असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. तसं नाही. ती तरतूद कोठडीपुरती आहे. उशिराचा मुद्दा वकील कोर्टात मांडू शकतो, पण त्याच्या भरवशावर बसू नये. तरीही प्रत्येक टप्प्याची वेळ टिपून ठेवा: अडवलं कधी, फुंकलं कधी, अटक कधी, डॉक्टरसमोर उभं केलं कधी.

अटकेचं कारण आणि जामिनाचा हक्क सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं हे सगळं 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगीही. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर दुसरी महिला हजर असलीच पाहिजे.

तपासणी साधारणपणे जवळच्या सरकारी इस्पितळात होते. डॉक्टरला आपली औषधं, मधुमेह, दमा, डोक्याला मार लागला असल्यास तो, सगळं सांगा. चालताना तोल जाणं आणि जीभ जड होणं इतर कारणांनीही होतं, आणि डॉक्टरने ते त्या क्षणी लिहिलेलं असेल तरच पुढे उपयोगी पडतं. अहवालाची प्रत मागा, अटक झालेल्याचा तो हक्क आहे. रक्त घेतलं तर बाटली तुमच्यासमोर सीलबंद होते का, लेबलवर नाव बरोबर आहे का ते पाहा.

किती प्यालो, कुठे प्यालो, कुणाबरोबर प्यालो यावर पोलिसांशी गप्पा मारू नका. नाव, पत्ता, परवाना सांगा. बाकीचं "वकिलाशी बोलून सांगतो" एवढं पुरे. उद्धटपणे नव्हे, पण ठामपणे. पोलिसांपुढे दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही हे खरं, पण तुमच्या बोलण्यातून तपासाला वाटा फुटतात.

जामीन ठाण्यातूनच मिळू शकतो. जातमुचलका, म्हणजे स्वतःचं बंधपत्र, किंवा एखादा जामीनदार मागतील. येणाऱ्याने आधार कार्ड, राहण्याचा पुरावा आणि शक्य असेल तर नोकरीचं ओळखपत्र घेऊन यावं. जामीनदार आणण्याची ऐपतच नसेल तर केवळ स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे, ती मागा.

घरी आल्यावर, झोपण्याआधी

वही घ्या आणि लिहा. कुठे अडवलं, उजेड होता का, किती पोलीस होते, किती वेळा फुंकायला लावलं, कोणते आकडे आले, शेवटचं खाणंपिणं कधी, सोबत कोण होतं. बिलं, फोनवरच्या कॉलच्या वेळा, हॉटेलची पावती जपून ठेवा, काही पुसू नका. समाजमाध्यमांवर त्या रात्रीचे फोटो टाकू नका आणि टाकलेले घाईने काढूही नका, आधी वकिलाला विचारा. माझ्या भाच्याने यातलं काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी त्याला किती वेळा फुंकलं होतं तेही धड आठवेना.

वकील कसा निवडायचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमची खरी चूक इथे झाली. आम्ही वकीलच केला नाही.

जिथे पकडलं त्या हद्दीच्या कोर्टात प्रकरण जाईल. पेडण्यात पकडलं तर पेडणे, मडगावात पकडलं तर मडगाव. त्यामुळे त्या कोर्टात नियमित फौजदारी कामं चालवणारा वकील शोधा. जमिनीचे, मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) दावे चालवणारे घरचे वकील कितीही जवळचे असले तरी त्यांना या कामाची सवय नसते. तेच तुम्हाला योग्य माणसाचं नाव सांगतील, त्यासाठी त्यांना जरूर विचारा.

वकिलाची सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते, तिचा क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. ठाण्याच्या फाटकाशी स्वतःहून गाठून "साहेब ओळखीचे आहेत" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. वकिलांनी अशी गिऱ्हाइकं शोधणं व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. "सुटलात तर इतके द्या" अशी निकालावर ठरवलेली फीही त्याच नियमांनी वर्ज्य आहे.

पहिल्या भेटीला सगळे कागद आणि ती वही न्या. खरं सांगा, वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. आधी कधी असा गुन्हा झाला असेल तर तो लपवू नका, कारण शिक्षेचा आकडाच त्याने बदलतो. मग विचारा: कलम 185 ची प्रकरणं तुम्ही चालवली आहेत का, माझ्या कागदांत कच्चा दुवा कुठे दिसतो, कबूल केलं तर नेमकं काय होईल, परवान्याची सुनावणी तुम्ही बघणार की ती वेगळी, फी एकरकमी की तारखेगणिक. फीची पावती घ्या. पहिल्याच भेटीत "शंभर टक्के सोडवतो" म्हणणाऱ्यापेक्षा "आधी कागद बघू दे" म्हणणारा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100. जिल्हा आणि तालुका पातळीवरही विधी सेवेची व्यवस्था आहे, कोर्टात चौकशी केली की कळतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्न मर्यादेत असेल तर. "सरकारी वकील मन लावून काम करत नाही" हा समज सोडा. तिथे चांगले, तळमळीचे तरुण वकील भेटतात.

परवान्याची वेगळी लढाई

कोर्टाचा खटला आणि परवाना या दोन वाटा आहेत. पोलीस तुमचा परवाना जप्त करून परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्याला आरटीओ म्हणतो त्या वाहतूक खात्याच्या कार्यालयाकडे पाठवतात. बदल्यात जी तात्पुरती पोच मिळते तिच्यावर गाडी चालवता येत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि ती पोच खिशात घालून लोक बिनधास्त फिरतात.

पुढे सुनावणीची नोटीस येते. तिला जा, वकिलासह जा, लेखी म्हणणं द्या. म्हणणं ऐकून घेतल्यावर अधिकारी तुम्हाला मोकळं करू शकतात, नाहीतर कारणं नोंदवून पहिल्या गुन्ह्यासाठी 3 महिने अपात्र ठरवतात. दुसऱ्या गुन्ह्याला परवाना रद्द. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. टॅक्सी, पायलट (म्हणजे मोटरसायकल टॅक्सी) किंवा डिलिव्हरीवर पोट असणाऱ्यांनी खटल्याइतकंच लक्ष इकडे द्यावं. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम 182 खाली नवा गुन्हा, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड.

पहिली तारीख

समन्सवरची तारीख चुकवू नका. चुकवलीत तर वॉरंट निघतं आणि जामीनपात्र गुन्ह्यात माणूस विनाकारण आत जातो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते.

कोर्टात आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? गर्दी, उकाडा, शेजारी उभा असलेला कुणीतरी कुजबुजतो, "हो म्हण, दहा हजार भर, सुटलास." त्या क्षणी थांबा. आधी कागदपत्रांच्या प्रती मागा, आणि वकील करायला पुढची तारीख मागा. साधी, रास्त विनंती आहे ती.

कबूल करणं म्हणजे दोषी ठरणं. नंतर वाटलं तरी कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाची वाट जवळजवळ बंद होते, फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरती उरते. परदेशी व्हिसा, आखातातली नोकरी, बोटीवरचं काम, सरकारी भरती, सगळीकडे हा प्रश्न विचारतात. आणि पुढच्या वेळी तुम्ही "दुसरा गुन्हा" या रकान्यात जाता.

तरी कबूल करणं नेहमी चूक असतं असंही नाही. आकडा मोठा, कागद चोख, पुरावा भक्कम, आणि आपल्या हातून चूक झालीच आहे हे मनाला पटलेलं, अशा वेळी वर्षानुवर्षं तारखा घेण्यापेक्षा वकिलाच्या सल्ल्याने कबूल करून सौम्य शिक्षेची विनंती करणं प्रामाणिक आणि शहाणपणाचं असू शकतं. गुन्हेगार परिवीक्षा कायदा, 1958 खाली समज देऊन सोडण्याची विनंतीही वकील करू शकतो. ती मान्य करणं न करणं न्यायाधीशांच्या हाती. माझा आग्रह एवढाच, की हा निर्णय कागद वाचून व्हावा, गर्दीतल्या कुजबुजीवर नव्हे.

लढायचं ठरलं तर वकील काय पाहील

यंत्र मान्यताप्राप्त प्रकाराचं होतं का, त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर दाखवतं का याची तपासणी, कधी झालं, ते प्रमाणपत्र कागदांत आहे का. छापील चिठ्ठी जोडली आहे का, की नुसता हाताने लिहिलेला आकडा आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र आहे का. गाडी तुम्हीच चालवत होता हे कुणी पाहिलं. रक्ताचा नमुना कुणी घेतला, कुठे ठेवला, प्रयोगशाळेत कधी पोचला. आणि खटला मुदतीत दाखल झाला का: 6 महिन्यांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला ही मुदत 1 वर्षाची आहे. भाच्याच्या कागदांत यंत्राची चिठ्ठी नव्हती. आम्ही ते पाहिलं तेव्हा दंड भरून दोन वर्षं उलटली होती.

अपघात झाला असेल तर

मग वरचं बरंचसं बाजूला ठेवा. आधी जखमीला मदत, 108 किंवा 112 ला फोन. कलम 134 खाली ते चालकाचं कर्तव्यच आहे. पळून जाणाऱ्याबद्दल मला काहीही सहानुभूती नाही. ऑगस्ट 2023 मध्ये बाणस्तारीच्या पुलावर तीन माणसं गेली, तो धक्का गोवा अजून विसरलेला नाही.

मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेतलं निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम 106 लागू शकतं, ज्यात 5 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याहून गंभीर असं सदोष मनुष्यवधाचं कलम 105 देखील. मुंबईत 2006 साली कार्टर रोडवर सात मजुरांचा जीव घेणाऱ्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाचीच शिक्षा कायम केली. सदोष मनुष्यवध अजामीनपात्र आहे, खटला सत्र न्यायालयात चालतो. इथे एक तासही न दवडता अनुभवी फौजदारी वकील हवा.

विमा कंपनीला लगेच कळवा. दारूच्या अमलाखाली चालवलेल्या गाडीचं स्वतःचं नुकसान विम्यात बहुधा धरत नाहीत, आणि जखमींना दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करू पाहू शकते. श्वासचाचणी झालीच नव्हती म्हणून कंपनी गप्प बसेल असं समजू नका. इतर पुराव्यांवरून ती नशा सिद्ध करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे.

बाहेरून आलेल्यांसाठी

सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावहून आलेले पाहुणे भाड्याच्या स्कूटरवर पकडले जातात आणि गावी परतल्यावर समन्स विसरून जातात. तसं करू नका. म्हापशाचा किंवा मडगावचा स्थानिक वकील नेमा. प्रत्येक तारखेला जातीने येण्यातून सूट मिळावी असा अर्ज तो करू शकतो. भाड्याच्या गाडीच्या मालकाला त्याच दिवशी कळवा. गाडी सोडवण्याचा अर्ज नोंदणी असलेल्या मालकालाच करावा लागतो, आणि तिचं भाडं तोवर तुमच्या नावावर चढत राहतं.

निकालानंतर

सुटलात किंवा दोषी ठरलात, निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. शिक्षा झाली असेल तर सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. दंडाची पावती वेगळी जपा, आणि परवाना परत घेताना लेखी नोंद घ्या. नोकरीच्या किंवा व्हिसाच्या अर्जात प्रश्न आला तर खरं उत्तर लिहा आणि सोबत ही प्रत जोडा. आमच्याकडे ती नव्हती. भाच्याने कोर्टात अर्ज करून, जुनी फाईल शोधायला लावून ती मिळवली, बोटीच्या अर्जाला जोडली, आणि त्या रकान्यात 'होय' लिहून खाली सगळी हकीकत स्वतःच्या हाताने लिहिली.